चार नंबरच्या बसची घंटा

मुलगी म्हणते, "बाबा, गोष्ट खरी आहे असं आधीच सांगावं लागतं. नाहीतर लोक पुढे वाचत नाहीत."

मी म्हटलं, खोटं जे सांगायचं होतं ते माझं सांगून झालंय. शाळेच्या ऑफिसात, लेखी, खाली सही करून.

हे खरं आहे.

मी सांगतोय आणि ती टाईप करतेय. माझ्या दोन बोटांवर सोडलं असतं तर पुढची थंडी उजाडली असती.

तुम्हाला रात्र हवी असणार. अशा गोष्टींना रात्र लागते. पण शाळेची बस रात्री चालत नाही, त्याला मी काय करू? तो मंगळवार होता. दुपारचे पावणेचार वाजले होते. धुकं होतं, एवढंच. तलावाकाठच्या रस्त्यावर थंडीत भर दुपारी धुकं उतरतं, आणि मग दहा पावलांपलीकडचं काही दिसत नाही.

बस माझी होती. म्हणजे शाळेची, पण एकोणीस वर्षं मीच चालवली. चार नंबर. जुनी गाडी असल्यामुळे तिच्यात बझर नव्हता, घंटा होती. माझ्या डोक्यावर पितळी घंटा आणि तिथून छताच्या कडेनं मागच्या दारापर्यंत गेलेली दोरी. ती दोरी ओढायचं काम मावशीचं.

सिंगल बेल म्हणजे थांब.

डबल बेल म्हणजे चल.

मावशी म्हणजे मुलांना सांभाळायला मागे बसणारी बाई. मुलं मावशी म्हणायची म्हणून मीही म्हणायचो. खरं तर वयानं माझ्याहून लहान, मला दादा म्हणायची. नऊ वर्षं आम्ही एका गाडीवर काढली आणि नऊ वर्षं भांडलो.

तिची एक पद्धत होती. शाळा सुटली की ती पायरीजवळ उभी राहायची आणि चढणाऱ्या प्रत्येक मुलाच्या कपाळाला हाताची मागची बाजू लावायची. एकूण एक मुलाच्या. कपाळ गरम लागलं की त्या मुलाला परत ऑफिसात नेऊन द्यायची, तिथल्या बाईंची सही घ्यायची आणि मगच गाडीत यायची. मी तोवर स्टिअरिंगवर बोटं आपटत बसलेलो.

"मावशी, उशीर होतोय. पालकांची बोलणी मला खावी लागतात."

"खा की. बोलणी खाऊन कुणाचं पोट बिघडलंय? गाडी तुमची, दादा, पण पोरं माझी. मी डबल बेल दिल्याशिवाय चाक हलवायचं नाही."

नियम तिचा नव्हता, शाळेचाच होता. आजारी मुलाला बसमध्ये घ्यायचं नाही, ऑफिसात सोपवायचं. बसमध्ये कुणाला बरं वाटेनासं झालं तर गाडी बाजूला थांबवायची, फोन करायचा आणि मुलाला एकटं सोडायचं नाही. मी त्या कागदावर दर वर्षी सही करायचो. वाचला फक्त पहिल्या वर्षी.

त्या मंगळवारच्या आठ महिने आधी मावशी गेली. रविवारी, तिच्या घरी, झोपेत. सोमवारी मी गाडी पुसून तिची वाट बघत उभा होतो, तेव्हा शिपायानं येऊन सांगितलं.

दुसरी बाई पुढच्या आठवड्यात देतो, असं ऑफिसवाले म्हणाले. तो आठवडा आठ महिने चालला.

मागे कोणी नाही म्हटल्यावर मुलांना रान मोकळं. येताजाता दोरी ओढायची. मी ब्रेक मारायचो आणि मागे खिदळणं. एक दिवस माझं डोकं फिरलं. मी दोरी गुंडाळून मागच्या दाराच्या वरच्या खुंटीला करकचून बांधली. माझाच हात तिथं टाचा उंचावल्यावर पोचतो. तेवढ्यानं समाधान झालं नाही, म्हणून घंटेच्या आतल्या लोलकाला मावशीचं पिवळं फडकं गुंडाळलं आणि वरून तार आवळली.

घंटा मुकी झाली.

आता बसमधल्या त्या मुलीबद्दल.

ती दुसरीत होती. सात वर्षांची. तिला सगळे रेडिओ म्हणायचे, कारण गेटपासून घरापर्यंत तिचं तोंड बंद नसायचं. माझ्या मागच्याच सीटवर बसायची. कुणाचा दात पडला, कुणाच्या मांजरीला किती पिल्लं झाली, बाईंनी कुणाला बाहेर उभं केलं, सगळ्या बातम्या मला घरपोच. तिचा स्टॉप शेवटचा, तलावापलीकडच्या वसाहतीत.

त्या दिवशी शाळाच वीस मिनिटं उशिरा सुटली. मी कातावलेलो. मुलं चढत होती. ती पायरीवर येऊन थांबली आणि म्हणाली...

"काका, मला कसंतरी होतंय."

मी तिच्या तोंडाकडे नाही, घड्याळाकडे बघितलं.

"बस जाऊन. घरी गेलीस की बरं वाटेल."

माझा हात तिच्या कपाळापासून वीतभर लांब होता. तो मी गिअरवर ठेवला.

इथं टाईप करणाऱ्या माझ्या मुलीची बोटं थांबली.

"बाबा, ती तुम्हाला म्हणाली होती?"

"हो."

"पण तुम्ही तर सगळ्यांना..."

"टाईप कर."

एकेक स्टॉप होत गेला. मुलं उतरत गेली. पाण्याच्या टाकीपाशी दोघी बहिणी उतरल्या आणि गाडीत एकटी रेडिओ उरली. पुढे तलावाचा रस्ता. एका बाजूला डोंगराची कड, दुसऱ्या बाजूला पाणी. मधे वस्ती नाही, दुकान नाही, मोबाईलला रेंज नाही.

धुकं दाट होतं. मी दिवे लावले. वायपर चालू केला.

थोड्या वेळानं मला जाणवलं, की काहीतरी कमी आहे.

रेडिओ बंद होता.

मी आरशात बघितलं. माझ्या मागची सीट रिकामी. सगळ्याच सीट रिकाम्या. मग आठवलं, ती आज पार मागे गेली होती. शेवटच्या लांब सीटवर आडवी झाली असेल, म्हटलं. झोपू दे.

आणि तेवढ्यात माझ्या डोक्यावर...

ठक्.

फडक्यात गुंडाळलेला लोलक पितळेला लागला की कसा आवाज येईल? तसा. मुका, ओला आवाज.

मी वर बघितलं. घंटा हलत होती.

खड्डा असेल, म्हटलं. जुनी गाडी.

रस्ता सपाट होता.

ठक्.

"ए रेडिओ, दोरी सोड. पडशील."

उत्तर नाही. ती आणि उत्तर देणार नाही?

ठक्.

मी चिडून गाडी कडेला घेतली, हँडब्रेक ओढला आणि चांगलं खडसावायचं म्हणून मागे गेलो.

ती सीटवर नव्हती. दोन सीटच्या मधे खाली पडली होती. अंग ताठ, डोळे वर गेलेले, तोंडाला फेस. हातपाय झटके देत होते. मी कपाळाला हात लावला आणि मागे घेतला. तव्याला हात लागावा तसं झालं.

तेव्हा लावला मी हात.

मी तिथंच खाली बसलो. तिला एका कुशीवर वळवलं, गळ्याशी आवळलेलं बटण सोडलं. एवढं मावशीनं शिकवलं होतं. फोन काढला. रेंज नाही. दारात जाऊन हात वर केला. नाही. उतरून रस्त्यावर पळत गेलो. एक दांडी आली आणि गेली.

परत आलो तेव्हा झटके थांबले होते. ती श्वास घेत होती, पण हाक मारली तर पापणी हलत नव्हती.

तिला उचलताना माझी नजर दाराच्या वर गेली...

दोरी खुंटीला तशीच गुंडाळलेली होती. माझीच गाठ.

विचार करायला वेळ नव्हता. पुढे वसाहत, तिथं डॉक्टर नाही. मागे शहर, हॉस्पिटल, अकरा किलोमीटर. म्हणजे गाडी वळवायची. त्या रस्त्यावर, त्या धुक्यात, एवढी लांब बस. एरवी मावशी खाली उतरून मागे उभी राहायची आणि ओरडून सांगायची, या, या, बास.

रेडिओला पुढच्या सीटवर कुशीवर निजवलं. पडू नये म्हणून पाठीशी तिचंच दप्तर लावलं. स्वेटरच्या बाह्यांनी सीटला बांधलं. आणि रिव्हर्स टाकला.

आरशात पांढरं. दोन्ही आरशांत नुसतं पांढरं. मी काच खाली करून मान बाहेर काढली. तिथंही तेच. अंदाजानं मागे घेत होतो. अजून थोडं. अजून थोडं घेतलं तर एका दमात वळेल...

ठक्.

पाय आपोआप ब्रेकवर गेला. एकोणीस वर्षांची सवय.

मी उतरून मागे गेलो. मागचं चाक रस्त्याच्या कडेपासून चार बोटं आत होतं. त्याच्यापुढे माती सुटलेली आणि खाली पाणी.

तिथं उभा राहून मी मोठ्यानं म्हणालो, "मावशी?"

पाण्याचा आवाजसुद्धा नव्हता.

भीती वाटली का, असं मुलगी विचारतेय. वाटली. पण खरं सांगू का, जास्त भीती मावशी निघून जाईल याची वाटली. मी एकटा होतो आणि मला काही सुचत नव्हतं.

गाडी वळली. मी निघालो. धुक्यात जेवढं पळवता येईल तेवढं पळवलं. एक डोळा रस्त्यावर, एक पोरीवर. ओठ निळसर दिसत होते, की धुक्याचा उजेड होता, कुणास ठाऊक. मी बडबडत होतो. तिच्याच बातम्या तिला सांगत होतो. मांजरीला पिल्लं झाली ना गं? किती झाली? तीन का चार? सांग की.

चार किलोमीटर गेले असतील. तीव्र वळण होतं, नजर रस्त्यावरच होती...

ठक्.

थांबलो. वळून बघितलं. तिला उलटी झाली होती आणि ती पालथी झाली होती. तोंड सीटमध्ये रुतलेलं. मी बोटानं तोंड साफ केलं, पाठ थोपटली. बराच वेळ काही नाही. मग एक खरखर, आणि श्वास.

मी आणखी अर्धं मिनिट गेलो असतो तर संपलं होतं.

तिला परत कुशीवर वळवताना मला दिसलं... तिच्या कपाळावर रुमाल होता. ओला. तीन घड्या घातलेला.

मीच ठेवला असेन, असं त्या वेळी वाटलं. माणूस घाईत काय काय करतो आणि विसरतो. पण माझी पाण्याची बाटली माझ्या सीटमागे होती, सील न फोडलेली. आणि मी आयुष्यात रुमालाची घडी घातलेली नाही. बायकोला विचारा.

धुकं विरळ झालं. पहिली घरं दिसली. फोनला रेंज आली. आधी हॉस्पिटलला लावला, मुलगी बेशुद्ध आहे, दारात तयार राहा. मग शाळेला. पलीकडून काहीबाही विचारत होते, मी फोन सीटवर टाकला.

चौक ओलांडला. समोर हॉस्पिटलची पाटी दिसली. सरळ रस्ता, दोन-अडीच मिनिटं. पोचलो होतो हो. माझ्या डोळ्यांत पाणीच आलं.

आणि डोक्यावर...

ठक्.

मी तिच्याकडे बघितलं. कुशीवर होती. दप्तर जागेवर होतं. तोंड मोकळं होतं. झोपल्यासारखी दिसत होती.

"मावशी, आलंच. दोन मिनिटं."

ठक्.

"समोर दिसतंय. आता थांबून काय करू?"

ठक्.

मागून गाड्या हॉर्न देत होत्या. मी लेन सोडली, हॉर्नवर हात ठेवला आणि ॲक्सिलरेटर दाबला. घंटा वाजतच राहिली. दर वेळी एकच ठोका. मग जराशी वाट बघितल्यासारखी शांतता. मग परत एक. मी सात मोजले.

सातव्यानंतर ती थांबली.

ती शांतता अजून माझ्या कानात आहे. घंटेला मी घाबरलो नव्हतो तेवढा त्या शांततेला घाबरलो.

दारात स्ट्रेचर तयार होतं. डॉक्टरांनी तिच्या छातीला कान लावला आणि मला ढकलून तिला आत पळवलं.

तिचा श्वास थांबला होता.

केव्हा थांबला, असं नंतर मला विचारलं. कुणी बघितलं? मी रस्त्याकडे बघत होतो.

वाचली. आधी तेच सांगायला हवं होतं, मुलगी रागावतेय. हो, रेडिओ वाचली. अकरा दिवस काचेच्या खोलीत होती. मेंदूला सूज होती. डॉक्टर म्हणाले, शेवटची दोन-तीन मिनिटं मेंदूला हवा मिळाली नाही.

मी त्यांना बाजूला गाठून विचारलं, "मी त्या दोन मिनिटांत थांबलो असतो तर?"

त्यांनी चष्मा काढून पुसला. "थांबून तोंडानं श्वास दिला असतात तर कदाचित एवढं झालं नसतं. किंवा उशीर होऊन ती गेलीही असती. खरंच सांगता येत नाही."

हे उत्तर घेऊन मी जगतोय.

दुसऱ्या दिवशी मेकॅनिकला घेऊन घंटा बघितली. फडकं जागेवर, तार आवळलेली, वर धूळ. दोरी गुंडाळलेली. मेकॅनिक म्हणाला, "ही वाजूच शकत नाही. जाम आहे." त्यानं हातानं हलवून दाखवली. आवाज आला नाही. ठक् सुद्धा नाही.

मग चौकशी झाली. ऑफिसात साहेबांनी कागद पुढे केला. प्रश्न एकच होता. बसमध्ये चढताना मुलीनं तब्येतीची तक्रार केली होती का?

मी लिहिलं, नाही.

सही केली. साहेबांनी सगळ्यांसमोर माझं कौतुक केलं. प्रसंगावधान की काय ते. तिच्या आईनं माझे हात धरले आणि म्हणाली, "दादा, तुम्ही होतात म्हणून माझं लेकरू दिसतंय." मी मान खाली घातली. लोकांना वाटलं, केवढा साधा माणूस.

दोन महिन्यांनी तिला बघायला गेलो. जायचं टाळत होतो, पण तिच्या आईनं तीनदा फोन केला. ती खिडकीशी बसली होती. डावा हात मांडीवर पडलेला. बोलते, पण एकेक शब्द शोधून आणल्यासारखा. जी पोरगी श्वास न घेता बोलायची, तिला एका वाक्याला मिनिट लागतं.

आई चहा टाकायला आत गेली.

रेडिओ माझ्याकडे बघत होती. ओठ हलत होते. मी वाट बघितली.

"काका..."

"हं, बाळा."

"मी... सांगितलं... होतं."

आईनं ऐकलं की काय, म्हणून मी आतल्या दाराकडे बघितलं.

"मावशीनं पण... सांगितलं. खूप वेळा."

बस. एवढंच बोलली. आई चहा घेऊन आली तेव्हा ती खिडकीबाहेर बघत होती.

तापात होती, म्हणा. मावशीला ती वर्षभर ओळखत होती, भ्रमात दिसली असेल. मीही स्वतःला तेच सांगतो. चोराच्या मनात चांदणं, म्हणून मला घंटा ऐकू आली असेल. मग चार बोटांवर थांबलेलं ते चाक? तो रुमाल? त्या रुमालाचं काय झालं, तेही मला माहीत नाही. हॉस्पिटलात कुणालाच तो सापडला नाही.

मी नोकरी सोडली. गुडघे दुखतात असं कारण लिहिलं. तेही खोटं. चार नंबर भंगारात गेली, नवीन गाडीला बझर आहे आणि मागे एक बाईपण आहे. आठ महिन्यांत मिळाली नव्हती ती आठ दिवसांत मिळाली.

हे टाईप करून झालं की मुलगी मला शाळेत घेऊन जाणार आहे. आता तिला कळलंय, आता सुटका नाही. तो कागद मागायचा आणि नाहीच्या जागी हो लिहायचं. मग रेडिओच्या आईकडे जायचं. मी तयार आहे.

फक्त एक अडचण आहे. आमच्याकडे छोटी जुनी गाडी आहे. मुलीला चालवता येत नाही. काल, अर्धंअधिक टाईप झाल्यावर, सराव म्हणून मी तिच्यात बसलो. किल्ली फिरवली, इंजिन सुरू झालं. गिअरवर हात ठेवला.

हात पुढे जाईना.

मुलगी शेजारी बसून विचारत होती, "बाबा, काय झालं? निघा ना."

मी कान देऊन बसलो होतो. त्या दिवशी मावशीनं इतक्या वेळा घंटा दिली, पण प्रत्येक वेळी सिंगल. प्रत्येक वेळी मी थांबलो, आणि प्रत्येक वेळी तिला न विचारता निघालो. शेवटी तर थांबलोच नाही.

इंजिन पंधरा मिनिटं चालू होतं. मग मुलीनंच हात लांब करून बंद केलं.

उद्या आम्ही बसनं जाऊ. मी स्टिअरिंगला हात लावणार नाही. डबल बेल अजून झालेली नाही.